मोजक्या पिंजऱ्यांचे रुग्णालय

शहरात जखमी वन्यजीवांसाठी रुग्णालय चालवायचे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न पैशाचा येतो. तो रास्तच आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण अशा रुग्णालयात सर्वांत आधी संपते ती जागा, आणि जागेपाठोपाठ अनुभवी माणसांचे तास. औषध एखाद वेळी उसने मिळते. पण सगळे पिंजरे भरलेले असताना दारात आलेल्या घारीसाठी रिकामा पिंजरा कोणी उसना देत नाही. म्हणून आज मी उपचारांपेक्षा निवडीविषयी अधिक बोलणार आहे : कोणाला दाखल करून घ्यायचे, कोणाला जिथून उचलले तिथेच परत ठेवायला सांगायचे, आणि कोणाच्या वेदना त्याच दिवशी थांबवायच्या.

ही निवड दूरध्वनीवरच सुरू होते. विणीच्या हंगामात एकच विचारणा पुन्हा पुन्हा येत राहते, ती जमिनीवर सापडलेल्या पिल्लाची. अंगावर पिसे आलेले, शेपटी अजून आखूड असलेले आणि उड्या मारत हिंडणारे पिल्लू सहसा अनाथ नसते. ते उडायला शिकत असते आणि त्याचे आईबाप जवळपासच घास घेऊन थांबलेले असतात. मांजर-कुत्रे दूर ठेवणे आणि पिल्लू रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात ठेवणे, एवढीच मदत त्याला हवी असते. पिसे न फुटलेल्या पिल्लाला मात्र घरट्यात परत ठेवावे, आणि घरटे मोडले असेल तर तळाला भोके असलेली टोपली त्याच झाडाला बांधावी. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतो, ही समजूत खरी नाही, आणि या एका समजुतीमुळे असंख्य धडधाकट पिल्ले उपचार केंद्रांत येऊन पडतात. कीटकांवर वाढणाऱ्या लहान पिल्लाला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर १५ ते ३० मिनिटांनी भरवावे लागते. बारा तासांच्या दिवसात एका पिल्लामागे २४ ते ४८ वेळा कोणाला तरी हातातले काम टाकून उठावे लागते. एवढे करूनही आपण त्याला आईबापांसारखे अन्न शोधायला शिकवू शकत नाही. म्हणून दूरध्वनीवर नवख्या स्वयंसेवकाला बसवण्याची पद्धत मला घातक वाटते. तिथे सर्वांत अनुभवी माणूस हवा, कारण त्याच्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर रुग्णालयाचे पुढचे तीन आठवडे ठरतात.

जो प्राणी खरोखरच जखमी होऊन येतो, त्याला लगेच टेबलावर घेऊन तपासण्याचा मोह आवरला पाहिजे. रक्तस्राव होत नसेल आणि श्वास अडत नसेल, तर आधी ऊब, अंधार आणि शांतता. वन्य प्राण्याच्या लेखी आपण शिकारी असतो. हरीण, ससा किंवा लांब पायांचे पक्षी पकडल्याच्या धसक्याने आणि धडपडीने स्नायूंना इजा होऊन काही तासांनी किंवा काही दिवसांनी दगावू शकतात. त्याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात आणि ती झाल्यावर हाती फारसे काही उरत नाही. झाकणाला भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यावर टाकलेला कपडा, हा आपला अतिदक्षता विभाग आहे असे समजावे. त्यात डोकावून छायाचित्रे काढणाऱ्यांना, ते देणगीदार असले तरी, नम्रपणे थांबवावे.

उपकरणांत मी पहिला मान एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणाऱ्या वजनकाट्याला देईन. १०० ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या शरीरातले पाणी त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांनी कमी झाले असेल, तर तूट १० मिलिलीटरची असते, आणि त्याखेरीज रोजची गरज साधारण ५ मिलिलीटरची. ही तूट एकदम नव्हे, तर दोन-तीन दिवसांत भरून काढायची असते, आणि द्रव शरीराइतका कोमट असावा लागतो. पक्ष्याचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असते, हे विसरून चालत नाही. वजन माहीत नसेल तर हा हिशेबच होत नाही. पक्ष्याला आणणाऱ्या माणसाने वाटेत चोचीत पाणी ओतलेले नाही ना, हेही विचारावे लागते, कारण पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ते पाणी सहज फुप्फुसात जाते.

महागडी शस्त्रक्रिया नसली म्हणजे उपचार नाही, असे मुळीच नाही. काचेवर आदळलेल्या पक्ष्याचे खांद्याजवळचे कोरॅकॉइड हाड मोडले असेल, तर लहान पिंजऱ्यात काही आठवडे सक्तीची विश्रांती दिल्याने ते बहुधा चांगले जुळते. उलट, मोडलेल्या पंखाला बांधलेली पट्टी फार दिवस तशीच राहिली, तर पंखाच्या पुढच्या कडेची त्वचा आणि कंडरा आखडतात. हाड जुळते, पण पंख पुरता उघडत नाही. दोऱ्यात अडकलेल्या प्राण्याचेही तसेच. दोरा कापला, प्राणी तरतरीत दिसला, म्हणून लगेच सोडू नये; आवळलेल्या जागेचा रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर तिथली त्वचा काही दिवसांनी मरते. किमान सात दिवस ती जागा रोज पाहावी. मांजराच्या दाताची खूण टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी जंतू आत खोल गेलेले असतात, तेव्हा तिथे प्रतिजैविकाला उशीर करू नये. वेदनाशामक निवडताना डायक्लोफिनॅकची आठवण ठेवावी : हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन दक्षिण आशियातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि भारताने २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. त्याला पर्याय म्हणून गिधाडांवर तपासलेले मेलॉक्सिकॅम आज पक्ष्यांच्या उपचारांत सर्रास वापरले जाते.

आता सर्वांत अवघड भाग. जो प्राणी जंगलात, तळ्यावर किंवा शहराच्या छपरांवर स्वतःचे पोट स्वतः भरू शकणार नाही, त्याचे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे : वेदनारहित मरण हाही उपचार आहे, आणि तो वेळेवर द्यायला हवा. उघडी पडून सुकलेली हाडे, सांध्यातच झालेला चुरा, तुटलेला कणा, अशा अवस्थांची यादी पशुवैद्यकाने आधीच लिहून ठेवावी, म्हणजे रात्री दमलेल्या एकट्या डॉक्टरवर प्रत्येक वेळी नव्याने ठरवण्याचा भार पडत नाही. या यादीत प्राण्याच्या जगण्याची रीत धरावी लागते. पाकोळी बहुतेक आयुष्य हवेतच काढते, म्हणून तिचे पंख जवळजवळ निर्दोषच हवेत. घुबड अंधारात मुख्यत्वे कानांनी शिकार हेरते, त्यामुळे त्याची तपासणी डोळ्यांवर थांबवता येत नाही. अपंग प्राण्याला कायमचा ठेवून घेणे दयाळूपणाचे वाटते, पण माणसाला घाबरणारा तो जीव वर्षानुवर्षे रोज घाबरत राहतो, आणि त्याच पिंजऱ्यातून बरे होऊन जाऊ शकले असते अशा कितीतरी रुग्णांना दारातून परत जावे लागते. देणगीदारांना हे सांगणे कठीण जाते, तरी सांगावेच.

संसर्गाविषयी थोडक्यात. वेगळी खोली नसेल तर कामाचा क्रम तरी पाळावा : आधी निरोगी पिल्ले, शेवटी संशयित रोगी. रेबीजची लस न घेतलेल्या व्यक्तीने वटवाघळाला किंवा माकडाला हात लावू नये, मग ती कितीही उत्साही असो.

पैशाबाबत अनुभव असा, की यंत्र द्यायला लोक पुढे येतात, पगार द्यायला येत नाहीत. एक्स-रे यंत्रावर देणाऱ्याचे नाव कोरता येते, पिंजरे धुणाऱ्या माणसाच्या महिन्यावर कोरता येत नाही. परंतु रुग्णालय त्या माणसावर चालते. म्हणून यंत्र स्वीकारताना ते चालवण्याचा वार्षिक खर्चही मागावा, आणि तो मिळत नसेल तर यंत्र नाकारावे.

शेवटी नोंदवहीविषयी. प्राणी नेमका कुठे सापडला, याची नोंद दोन कारणांसाठी हवी. बरा झालेला प्रौढ प्राणी शक्यतो तिथेच सोडायचा असतो, कारण तिथले अन्न, पाणी आणि धोके त्याला माहीत असतात. दुसरे असे, की वहीत एकाच इमारतीचा पत्ता पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर उपचाराची गरज त्या इमारतीलाच आहे. अशा काचेवर एकमेकांपासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर ठिपके लावले तर पक्षी ती टाळतात. ते काचेच्या बाहेरच्या बाजूने लावावेत, कारण पक्ष्याला फसवणारे आकाशाचे आणि झाडांचे प्रतिबिंब त्याच पृष्ठभागावर पडते आणि आतून लावलेले ठिपके त्यामागे झाकले जातात.