कोळशाच्या गावातून आलेली रहस्यकथाकार

श्रोतेहो, नमस्कार.

वणी तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम मी बावीस वर्षांपासून पाहते. खाणीतून निघालेले डंपर आमच्या रस्त्याने रात्रभर धावत असतात, त्यामुळे सकाळी ओसरीवर हात फिरवला की तो काळा होतो. पुस्तकांवरही ती बारीक भुकटी बसते आणि दर शनिवारी मी ती कोरड्या फडक्याने पुसते. रहस्यकथांचे कपाट मात्र फारसे पुसावे लागत नाही, कारण ती पुस्तके कपाटात थांबतच नाहीत. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी ज्या थोड्या आमच्याकडे उरल्या आहेत, त्यांच्या पाठी मी स्वतः खळ लावून कितीदा चिकटवल्या, याची गणती नाही. आज ज्या लेखिकेविषयी बोलायचे आहे, तीही कोळशाच्याच मुलखातली आहे. तिचे नाव व्हॅल मॅक्डर्मिड.

व्हॅलचा जन्म ४ जून १९५५ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, कर्कॉडी या समुद्रकाठच्या गावी, एका कामगार कुटुंबात झाला. जवळच्या ईस्ट वीम्स गावात तिचे आजीआजोबा राहत आणि आजोबा खाणकामगार होते. या गावच्या मायकेल खाणीला सप्टेंबर १९६७ मध्ये आग लागून नऊ कामगार दगावले आणि खाण कायमची बंद झाली. तेव्हा व्हॅल बारा वर्षांची होती. खाण बंद झाली की त्या गावाचे काय होते, हे आपल्या भागातील श्रोत्यांना मी सांगायला नको.

आजीच्या घरी दोनच पुस्तके होती, एक बायबल आणि दुसरी अगाथा ख्रिस्तींची एक रहस्यकादंबरी. ती कादंबरी या मुलीने पुन्हा पुन्हा वाचली. कर्कॉडीत त्यांचे घर वाचनालयासमोरच होते, परंतु मुलांच्या कार्डावर मोठ्यांच्या विभागातली पुस्तके मिळत नसत; तेव्हा आई आजारी असून अंथरुणाला खिळली आहे, तिच्यासाठी पुस्तके न्यायची आहेत, असे सांगून तिने आईच्या कार्डावर रहस्यकथा घरी न्यायला सुरुवात केली.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली होती. दोन वेण्या, निळी फीत, हातात मोठ्यांच्या कपाटातली एक जाड कादंबरी. "बाई, आईनं मागवलं आहे," असे ती म्हणाली. तिच्या आईला अक्षरओळख नाही, हे मला ठाऊक होते. मी ते पुस्तक तिच्या हातून काढून घेतले आणि जागेवर ठेवले. ती मुलगी त्यानंतर पुन्हा आली नाही. नियमाने माझे चुकले नव्हते, तरी त्या दिवसाची आठवण झाली की मला आजही स्वतःचा राग येतो.

व्हॅलला कोणी अडवले नाही. ऑक्सफर्डच्या सेंट हिल्डाज कॉलेजात प्रवेश मिळवणारी स्कॉटलंडच्या सरकारी शाळेतील ती पहिली विद्यार्थिनी ठरली आणि सतराव्या वर्षी तिकडे गेली. तिची फाइफची बोली तेथे कोणाला समजेना, म्हणून तिला आपली बोलण्याची रीत बदलावी लागली. आपल्याकडून पुण्यात शिकायला गेलेल्या मुलांना हा अनुभव वेगळा वाटणार नाही. पुढे तिने वृत्तपत्रांत नोकरी धरली. कादंबरी लिहिण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा तिने त्याच कथेचे नाटक केले; ते १९७७ साली रंगभूमीवर आले आणि नंतर बीबीसी रेडिओवरूनही सादर झाले. वृत्तपत्रातील काम मात्र तिने पुढेही अनेक वर्षे केले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. व्हॅल मॅक्डर्मिड ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, म्हणजे आपण जिला समलिंगी किंवा लेस्बियन म्हणतो ती. १९८७ साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत, 'रिपोर्ट फॉर मर्डर'मध्ये, खुनाचा शोध घेणारी लिंडसे गॉर्डन ही पत्रकार स्त्रीही तशीच आहे, आणि ते ती लपवत नाही. हे पुस्तक द विमेन्स प्रेस या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने काढले. कपड्यांची इस्त्री हे त्या संस्थेचे बोधचिन्ह होते. लिंडसे कोणावर प्रेम करते, हे या पुस्तकातले रहस्यच नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शोध लागायचा असतो तो खुनाचा.

आपल्या गावात मात्र एखाद्या मुलीने लग्नाला नकार दिला की तपास तिचाच सुरू होतो. मंगळ आहे का, कुठे प्रकरण आहे का, काही आजार आहे का, याची चौकशी हळदीकुंकवाला होते, विहिरीवर होते, कापूस वेचताना ओळीत होते. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' या नाटकात अशी एक स्त्री मराठी रंगमंचावर आणली, हे त्यांचे मोठे धाडस होते. पण त्या स्त्रीचा, म्हणजे मित्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमित्राचा, शेवट आत्मघातात होतो. लिंडसे गॉर्डन पुढच्या पुस्तकात पुन्हा येते, भांडते, चुकते, प्रेमात पडते, आणि अशी एकूण सहा पुस्तके ती जगते.

ही पुस्तके सुखासुखी वाचली गेली, असे समजू नये. पहिल्या पुस्तकानंतर वर्षभरातच ब्रिटनच्या संसदेने कलम २८ म्हणून ओळखला जाणारा कायदा केला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना समलिंगी संबंधांचा 'प्रसार' करण्यास मनाई केली. शाळा आणि सार्वजनिक वाचनालये त्यांच्याच अखत्यारीत येत असल्यामुळे कोणते पुस्तक कपाटात ठेवावे, याची धास्ती शिक्षकांना आणि ग्रंथपालांना वाटू लागली. ते कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तींच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगते. 'द मर्मेड्स सिंगिंग' या कादंबरीला ब्रिटनमधील रहस्यकथाकारांच्या संघटनेचा १९९५ सालचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. त्यातील मानसशास्त्रज्ञ टोनी हिल आणि पोलीस अधिकारी कॅरोल जॉर्डन यांच्यावर दूरचित्रवाणी मालिका झाली आणि ती २००२ ते २००८ अशी चालली. २०१० साली तिला त्याच संघटनेचा, कारकिर्दीच्या गौरवाचा डायमंड डॅगर देण्यात आला. डंडी विद्यापीठाने नव्या शवागारासाठी निधी जमवताना वाचकांना लेखक निवडायला सांगितले आणि त्या शवागाराला तिचे नाव मिळाले. तिचे वडील रेथ रोव्हर्स या फुटबॉल क्लबासाठी होतकरू खेळाडू हेरत असत, आणि तीही या क्लबची प्रायोजक होती. परंतु दिवाणी न्यायालयाने बलात्कारी ठरवलेल्या एका खेळाडूला क्लबाने २०२२ साली करारबद्ध केले, तेव्हा तिने आयुष्यभराचे ते नाते लगेच तोडले. महिलांचा संघही क्लबातून बाहेर पडला आणि त्याने आपले नाव मॅक्डर्मिड लेडीज असे ठेवले.

मला स्वतःला तिची २००८ सालची 'अ डार्कर डोमेन' सर्वांत जवळची वाटते. १९८४–८५ मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांनी वर्षभर संप केला. त्या काळात फाइफमधील मिक प्रेंटिस हा कामगार नाहीसा होतो आणि तो संप फोडायला नॉटिंगहॅमला गेला, असे गाव ठरवून टाकते. बावीस-तेवीस वर्षांनी आजारी नातवासाठी अस्थिमज्जेचा दाता हवा म्हणून मुलगी बापाला शोधू लागते, आणि तेव्हा कुठे तो हरवल्याची पहिली नोंद पोलिसांत होते. इतकी वर्षे नोंद का नव्हती? फितुराला कोण शोधणार? गावाने एकदा ठरवले की विचारणे संपते, आणि न लग्न करणाऱ्या मुलीचेही तसेच होते. कॅरेन पिरी ही पोलीस अधिकारी मात्र सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारते.

गेल्या उन्हाळ्यात, बाहेर लू चालू असताना, वाचनालयातल्या कूलरसमोर बसलेल्या सात-आठ जणांना मी ही कथा मराठीत सांगितली. त्यांत खाणीतून निवृत्त झालेले एक काका होते. सगळे मिक कुठे गेला असेल याचा तर्क करत असताना ते म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या. त्याच्या बायकोनं इतकी वर्षं त्या गावात पाणी कुठून भरलं, ते सांगा."

मी पुस्तक उघडले आणि तिच्याविषयीची पाने काढून त्यांना वाचून दाखवू लागले.