वकील शोधण्याआधी कागद ठरवा

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्याच्या आतच कोणीतरी नातेवाईक सल्ला देतो, ‘एखादा चांगला वकील गाठा आणि प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचे शिक्कामोर्तब) करून टाका.’ सल्ला मनापासून दिलेला असतो, पण काम उलट्या टोकाने सुरू होते. आधी आपल्याला कोणता कागद लागणार आहे ते ठरवायचे, मग तो कागद नेहमी काढणारा वकील शोधायचा. हा क्रम चुकला की एकाच कामासाठी दोनदा कोर्टात जावे लागते, आणि दोनदा फी भरावी लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी. इंदिरानगरला सोसायटीतला फ्लॅट, निफाड तालुक्यात दीड एकर वडिलोपार्जित जमीन, एका राष्ट्रीयीकृत बँकेत आणि एका सहकारी बँकेत मुदत ठेवी, आणि कपाटात जुन्या कंपन्यांचे कागदी शेअर. नाशिकमधल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांची मालमत्ता थोड्याफार फरकाने अशीच असते. आता यातल्या प्रत्येक गोष्टीचा रस्ता वेगळा आहे.

बँकेपासून सुरुवात करा, कारण तिथे बहुधा वकील लागतच नाही. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर रक्कम मिळते. नॉमिनी नसेल तरी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार 15 लाखांपर्यंतच्या दाव्यांना, सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंतच्या दाव्यांना, सोपी पद्धत आहे: वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर कोर्टाचा कागद न मागता क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे कोणाचा दावा आला तर भरपाईची लेखी हमी) आणि इतर वारसांची संमती यांवर काम व्हायला हवे. शाखेत ‘कोर्टातून आणा’ असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागा. अनेकदा तेवढ्यानेच अर्ज पुढे सरकतो. मात्र एक गोष्ट मनात पक्की असू द्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो आणि वारसांना त्याने हिशेब द्यायचा असतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर 1983 मध्ये सांगितले (विम्याचा कायदा मात्र 2015 मध्ये जवळच्या नातलग नॉमिनींसाठी बदलला), शेअरच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये. आई नॉमिनी आहे म्हणून बहिणीचा हिस्सा संपला, असे समजून चालू नका.

रक्कम या मर्यादेच्या वर असेल तर बहुधा लागते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, सगळे ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. ते 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळते आणि फक्त येणे रकमा व रोखे, म्हणजे ठेवी, शेअर, बाँड यांच्यापुरतेच चालते. फ्लॅट आणि जमीन त्यात बसत नाही. स्थावर मालमत्तेसाठी आपल्याकडे 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला आहे. तो दिवाणी कोर्टच देते. तहसीलमधून काही कामांसाठी मिळणारा दाखला म्हणजे हा नव्हे. दोन्हींसाठी अर्ज ‘दिवाणी किरकोळ अर्ज’ म्हणूनच पडतो, त्यामुळे गल्लत सहज होते. फ्लॅटसाठी आलेल्या माणसाला सक्सेशन सर्टिफिकेट काढून दिले जाते, त्याने फ्लॅटची मालकी ठरत नाही, आणि वर्ष वाया जाते.

शेतीचे तर सुरुवातीला कोर्टाशी काही देणेघेणेच नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. तो महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरही देता येतो. वारसांची नोंद गाव नमुना 6 क (वारस नोंदवही) मध्ये होते, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. इथे हमखास राहून जाणारे नाव आजीचे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे. ती हयात असेल तर पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने तिला वाटा मिळतो. मृताचे वडील त्या वर्गात नाहीत. बाई वारली असेल तर वारसांचा क्रम आणखी वेगळा, आणि तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता असेल व मूलबाळ नसेल तर ती माहेरी परत जाते. म्हणून वकिलाने वंशावळ विचारताना ‘आई हयात आहे का’ आणि ‘मिळकत कुठून आली’ हे दोन प्रश्न केले नाहीत, तर ते तुम्ही करा.

सोसायटीतल्या फ्लॅटसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम 154 ब-13 पाहावे. मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यांपैकी कशाच्याही आधारे सोसायटीने सभासदत्व द्यायचे असते. नॉमिनी असेल तर त्याला तात्पुरता सभासद करून घेता येते. सगळे वारस एकमताने एकाच्या नावावर फ्लॅट करणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा सर्वांत स्वस्त आणि सरळ मार्ग. नात्यातल्या नात्यात त्याला नाममात्र मुद्रांक लागतो. पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच हवे. स्टँप पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारलेल्या हक्कसोडपत्राने स्थावरातला हिस्सा सुटत नाही. फ्लॅट विकायला काढल्यावर घेणाऱ्याची बँक नेमके त्यावरच बोट ठेवते, तोवर सही करणारा भाऊ हयात असेलच असे नाही.

आता मृत्युपत्राकडे वळू. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे यावर कोर्टाने केलेले शिक्कामोर्तब. ते फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला, म्हणजे एक्झिक्युटरला, मिळते. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल तर मागायचे ते मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा कोर्टाने दिलेला अधिकार. नाशिकच्या हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांना नाशिक जिल्ह्यातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट सक्तीचे कधीच नव्हते. सक्ती होती ती मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाखा शहरांच्या हद्दीत झालेल्या मृत्युपत्रांना आणि तिथल्या स्थावराला. तीही डिसेंबर 2025 च्या दुरुस्तीने भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 213 वगळून काढून टाकली गेली. मग प्रोबेट घ्यायचे केव्हा? एखादा वारस मृत्युपत्रावर शंका घेतो आहे तेव्हा, मिळकतीचा मोठा भाग एकालाच दिलेला आहे तेव्हा, किंवा समोरची संस्था अडून बसली आहे तेव्हा. शंका घेणारा कोणी नसेल आणि संस्था नोंद करून देत असेल, तर प्रोबेटवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृत्युपत्राची नोंदणी झालेली नसली तरी ते वैध असते. पण त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि सिद्ध करताना त्यांतला किमान एक कोर्टात उभा राहायला हवा. साक्षीदारांचा ठावठिकाणा पहिल्याच आठवड्यात लावा. सत्तरीच्या माणसाने आपल्याच वयाच्या दोन मित्रांच्या सह्या घेतलेल्या असतात; दहा वर्षांनी दोघेही नसतात, आणि मग हस्ताक्षर ओळखणारा शोधत बसावे लागते. प्रोबेटच्या अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू होते आणि ती अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून मोजतात. तेव्हा वाद दिसू लागल्यावर ‘बघू नंतर’ म्हणून चालत नाही.

एवढे ठरले की वकील शोधणे सोपे होते. आपल्याला ‘नाशिकचा सगळ्यात मोठा वकील’ नको आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत वारस दाखल्याचे आणि सक्सेशनचे अर्ज निकाली काढून घेतलेला दिवाणी वकील हवा आहे. इंटरनेटवर ‘टॉप टेन’ याद्या दिसतात, त्यांवर विसंबू नका. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 वकिलांना जाहिरात करू देत नाही, त्यामुळे अशा याद्यांतला क्रम कामावरून लागलेला नसतो. त्यापेक्षा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाशिक जिल्हा निवडा आणि वकिलाच्या नावाने शोधा. त्याची चालू आणि निकाली प्रकरणे दिसतात. त्यांत सगळे धनादेशाचे आणि अपघाताचे दावे असतील तर तो माणूस हुशार असेल, पण तुमच्या कामाचा नाही. दुसरा चांगला स्रोत म्हणजे ज्यांचे काम नुकतेच पुरे झाले ते लोक: सोसायटीचे सचिव, बँकेच्या शाखेतले दावे पाहणारे अधिकारी, दस्तलेखक. त्यांना ‘वकील कोण चांगला’ असे विचारू नका, ‘कोणाचा कागद परत आला नाही’ असे विचारा.

कोर्ट कोणते, हेही आधी पाहावे. सक्सेशनचा अर्ज मृत व्यक्तीचे शेवटचे नेहमीचे राहणे जिथे होते तिथल्या कोर्टात करतात. वडील नाशिकला राहत होते आणि ठेवी मुंबईच्या बँकेत असतील, तरी अर्ज सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) आपल्या जिल्हा न्यायालयातच करता येतो, आणि ते प्रमाणपत्र भारतभर चालते. उलट निफाड, सिन्नर, मालेगावला राहणाऱ्याने शहरातला वकील धरला तर तो प्रत्येक तारखेला तिकडे येणार की कोणा सहकाऱ्याला पाठवणार, ते विचारून घ्यावे. ज्या महिलांना फी परवडत नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

पहिल्या भेटीला जाताना मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स न्या. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते असलेली वंशावळ, सातबारा, फ्लॅटचा करारनामा व भाग दाखला, ठेवींच्या पावत्या, शेअरचे फोलिओ क्रमांक आणि मृत्युपत्राची प्रत, एवढे एका फायलीत लावा. मग वकिलाला विचारा: आमच्या प्रत्येक मालमत्तेला कोणता कागद लागेल? यातले काय कोर्टाशिवाय होईल? अर्ज तुम्ही स्वतः चालवणार का? ज्याने ‘अमुक ठेवीला तुम्हाला माझी गरज नाही’ असे सांगितले, त्याला मी प्राधान्य देईन. ‘आतले ओळखीचे आहेत, महिन्यात करून देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून यावे. जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, शपथपत्रावरचा पुरावा हे टप्पे कोणाच्या ओळखीने गळत नाहीत.

फीचे बोलणे संकोच न करता करा आणि लिहून घ्या. कोर्ट फी वेगळी, वकिलाची फी वेगळी, वर्तमानपत्रातली नोटीस, टायपिंग, प्रमाणित नकला हा खर्च वेगळा. महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी मालमत्तेच्या मूल्यानुसार चढते, पण तिला 75 हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. म्हणून ‘कोर्टालाच काही टक्के द्यावे लागतात’ असे मोघम सांगितले तर आकडा मांडून मागा. निकालावर अवलंबून फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी टप्प्यांत द्यावी: अर्ज दाखल झाल्यावर, पुरावा झाल्यावर, प्रमाणपत्र हातात आल्यावर. प्रत्येक वेळी पावती घ्या आणि अर्ज दाखल होताच सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा कोर्टातला ओळख क्रमांक, मागा. सोळा अंकाक्षरांचा तो क्रमांक मोबाइलवर टाकला की पुढची तारीख तुम्हालाच दिसते.

वकीलपत्र वाचून, प्रकरणाचे नाव भरलेले असेल तरच सही करा. कोऱ्या कागदावर आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याची या कामात गरज नाही. मूळ मृत्युपत्र कोर्टात देण्यासाठी वकिलाकडे सोपवावे लागले तर पोच घ्या. पुढे वकील बदलायची वेळ आलीच, तर त्याची ना हरकत घ्यायची असते. फी बाकी आहे म्हणून तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निर्णय आहे. भावंडांत सूर जुळत असेल तर सर्वांचा एकच वकील चालतो. पण वाटणीवर एकाचीही नाराजी दिसली तर तिने किंवा त्याने स्वतःचा वकील करावा, कारण एकाला सल्ला दिलेला वकील त्याच प्रकरणात नंतर दुसऱ्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. परदेशातला मुलगा तिथून मुखत्यारपत्र पाठवत असेल तर ते तिथे रीतसर साक्षांकित झालेले हवे आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावून घ्यायला हवा.

अर्ज टाइप होऊन आला की शेवटचे पान, म्हणजे परिशिष्ट, स्वतः बसून तपासा. बहुतेक घोटाळे तिथेच होतात. पासबुकात एका आडनावाचे दोन प्रकारचे लेखन असते, सातबाऱ्यावर टोपणनाव असते, आधारवर पूर्ण नाव असते. या सगळ्यांचा ‘उर्फ’ लावून अर्जात उल्लेख हवा. प्रत्येक ठेवीचा पावती क्रमांक, शाखा, रक्कम, प्रत्येक शेअरचा फोलिओ व प्रमाणपत्र क्रमांक जुळवा. प्रमाणपत्र परिशिष्टात लिहिलेल्या गोष्टींपुरतेच असते. एखादी ठेव राहिली तर प्रमाणपत्र वाढवून घेता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी.

प्रमाणपत्र तयार झाल्यावर खिडकीवरून हलण्याआधी नावे आणि आकडे वाचून घ्या. चूक असेल तर त्याच प्रकरणात दुरुस्तीचा अर्ज द्या. प्रमाणित नकला मालमत्तेच्या संख्येपेक्षा दोन जास्त काढा. मग एकेक नोंद लावत जा: आधी बँका, मग शेअर, मग सोसायटी, महापालिकेची घरपट्टी, वीजबिल. नंतर वकिलाकडून मूळ कागदांची फाइल परत घ्या आणि पोचेवरची यादी समोर ठेवून ती मोजून घ्या.