श्रावणातच सुटणारी शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्यांवरच्या शाळांत मी 29 वर्षं शिकवलं. दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. हजेरीपटावर मी ‘सतत गैरहजर’ असं लिहायचो आणि आई-बापांना शिक्षणाची आवड नाही असं म्हणायचो. ते माझं चुकत होतं.

खैरापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. जंगल हातचं गेलं, कात संपला, आणि वीटभट्टी मागे लागली. मुलं भट्टीवर जातात दिवाळीनंतर, पण त्यांची शाळा सुटते श्रावणातच. तेव्हा लावणी आटोपलेली असते, मजुरी नसते, डब्यात तांदूळ नसतो, घरात कुणीतरी तापाने पडलेलं असतं. नेमका तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. ती फेडायला अख्खं बिऱ्हाड निघतं. मजुरी हजार विटांवर ठरलेली, म्हणजे जितके हात तितक्या विटा. आठ वर्षांचं पोर विटा उलटतं, नाहीतर धाकट्याला सांभाळतं. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. तोवर वार्षिक परीक्षा होऊन गेलेली असते.

त्यात भाषा. मूल घरी कातकरी बोलतं, आम्ही पुस्तकातली मराठी. ते गप्प बसतं, आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. तिसरीतली एक मुलगी फळ्यावरच्या वजाबाकीला वर्षभर घाबरत होती. एकदा मी विचारलं, हजार विटांतल्या पासष्ट फुटल्या, मजुरी कितींची? मी खडू उचलायच्या आत ती म्हणाली, “नऊशे पस्तीस, गुरुजी.”

1 एप्रिल 2010 पासून 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो भट्टीवरही तितकाच लागू आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे त्यावरून पुढच्या शाळेला कळतं. शिक्षक मित्रांनो, कुटुंब निघायच्या आधी वाडीवर जाऊन हे कार्ड हातात द्या. बिऱ्हाड टेम्पोत चढल्यावर उपयोग नाही.

आणि श्रोतेहो, तुमच्या गावाबाहेर भट्टी लागली असेल, तर तिथे मुलं किती आहेत ते बघा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा. मुलांकडे कार्ड नसलं, दाखला नसला, तरी त्यांना प्रवेश नाकारता येत नाही.