पाळण्यातले पाय आणि शनिवारचं मैदान

मंडळी, विषय जाहीर झालाय तो असा : ‘कॉलेज फुटबॉलमधल्या भरतीच्या क्रमवाऱ्या खऱ्या ठरतात का?’ भरती म्हणजे विद्यापीठांनी शाळेतल्या खेळाडूंना आपल्या संघात घेणं, आणि क्रमवाऱ्या म्हणजे त्या मुलांना स्टार देऊन लावलेल्या याद्या. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, अंडाकृती चेंडूचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं कोलंबसला, ऑस्टिनला, अ‍ॅन आर्बरला शिकतात, तेव्हा नियम सांगत बसत नाही. शेवटी एक हिशेबाची पद्धत द्यायची आहे, तेवढा वेळ राखून ठेवू.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. रिक्रूटिंगच्या, म्हणजे भरतीच्या, याद्यांचा सगळा व्यवहार या म्हणीवर चालतो. आणि पाय दिसतात, हे मला मान्य आहे. तक्रार आहे ती आपल्या वाचण्याबद्दल. डिसेंबरात सही झालेल्या सतरा वर्षांच्या मुलांची बेरीज आपण करतो आणि त्याचा जाब पुढच्या सप्टेंबरात अख्ख्या संघाला विचारतो.

आधी हे स्टार लागतात कसे, ते पाहू. २४७ स्पोर्ट्स या संकेतस्थळाची संयुक्त यादी घ्या. वेगवेगळ्या संस्थांच्या गुणांकनाची सरासरी शून्य ते एक या पट्टीवर बसवतात. ०.९८ च्या थोडं पुढे गेलं की पाच स्टार. देशभरात अशी साधारण ३२ मुलं. ३२ च का? एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, पहिल्या फेरीत ३२ खेळाडू घेतात म्हणून. म्हणजे पाच स्टारचा मूळ अर्थ ‘हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल’ असा आहे. ‘हा तुमच्या विद्यापीठाला यंदा नऊ मॅच जिंकून देईल’ असं त्यात कुणी लिहिलेलं नाही. आपण मात्र तेच वाचतो.

मोजमापातही गंमत आहे. चाळीस यार्डांची धाव म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा सुमारे दोन दशांश सेकंदांनी कमी भरते, कारण मुलगा हललेला दिसल्यावरच अंगठा दाबला जातो. हातावरचे ४.६ म्हणजे यंत्रावरचे ४.८, आणि या दोन दशांशांत रिसीव्हरची, म्हणजे धावत जाऊन पास झेलणाऱ्याची, जात बदलते. उंचीचंही तसंच. शाळेच्या पत्रकात मुलगा दोन इंच वाढतो, कॅम्पात बूट काढले की परत खाली येतो. म्हणून यादी वाचताना माप ‘तपासलेलं’ आहे का, हे आधी बघावं. आणखी एक : तीन स्टारच्या मुलाला अ‍ॅलाबामाने बोलावलं की लवकरच चौथा स्टार लागण्याची शक्यता वाढते. यात लबाडी नाही, अ‍ॅलाबामाच्या कोचला कळतं म्हणून यादीवाले त्याच्याकडे बघतात. पण मग यादी आणि कोच हे दोन स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत.

मग संघाचे गुण. सगळ्यात वरच्या मुलाचं वजन सगळ्यात जास्त, पुढे ते घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे उतरत जातं, विसाव्या-पंचविसाव्या मुलाने जवळजवळ काहीच भर पडत नाही. आणि या सूत्राला जागा कळत नाही! सात डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतले, घ्या किंवा प्रत्येक जागेला एकेक चांगला मुलगा घ्या, स्टार सारखे असतील तर गुण सारखेच.

इथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाबद्दल बोलायलाच हवं. २०२२ ची त्यांची बॅच आठवा. कोच जिम्बो फिशर. या यादीच्या इतिहासात तोवर कुणाला मिळाले नव्हते इतके गुण, आठ पाच-स्टार, त्यातही डिफेन्सिव्ह लाइनची रीघ. १० सप्टेंबर २०२२ ला अ‍ॅपलॅचियन स्टेट त्यांच्याकडे खेळायला आलं. लाखावर माणसं मावणारं काइल फील्ड, ए अँड एम देशात सहावं, आणि पाहुण्यांना इथं येऊन खेळण्याचे १५ लाख डॉलर ठरलेले. निकाल १७–१४, पाहुणे जिंकले. साठ मिनिटांपैकी चाळीसहून अधिक मिनिटं चेंडू पाहुण्यांकडे होता. यजमानांच्या दोन टचडाउनपैकी एक तर किकऑफ परतवून आलेला, म्हणजे आक्रमणाने दिवसभरात एकच केला.

पुढे लागोपाठ सहा पराभव. ते आकडे कुणी नीट बघत नाही, म्हणून सांगतो. अ‍ॅलाबामाकडून २०–२४, तोही शेवटच्या चेंडूवर, गोललाइनपासून दोन यार्डांवर. साउथ कॅरोलायनाकडून २४–३०. ओल मिसकडून (मिसिसिपी विद्यापीठ) २८–३१. ऑबर्नकडून १०–१३. सहापैकी चार पराभव सहा किंवा त्याहून कमी गुणांचे! हंगाम संपला ५–७ वर, आणि शेवटच्या मॅचमध्ये याच संघाने एलएसयूला (लुइझियाना स्टेट) ३८–२३ हरवलं. यादी खोटी असती तर हा संघ इतक्या जवळ पोचलाच नसता.

बिघडलं कुठे? क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन आक्रमण चालवणारा. त्या हंगामात तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी मॅच सुरू केल्या, आणि तिसरा होता त्याच बॅचमधला, शाळेतून नुकताच आलेला कॉनर वाइगमन. क्वार्टरबॅकला सांभाळते ऑफेन्सिव्ह लाइन, आक्रमणाची पुढची फळी. सव्वाशे-दीडशे किलोच्या पाच जणांनी एकाच वेळी एकाच दिशेला सरकायचं असतं, आणि ते अंगात मुरायला दोन-तीन वर्षं लागतात. २०२२ च्या लाइनचा हिशेब २०१९ आणि २०२० च्या भरतीत शोधायचा असतो. आपण तो २०२२ च्या यादीत शोधत बसलो.

आणि ती मुलं राहिली कुठे? २०२१ पासून पदवीपूर्व खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं, त्याच वर्षी जुलैत खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेचे पैसे घेता येऊ लागले. अँथनी लुकास पहिल्याच वर्षानंतर यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) गेला. वॉल्टर नोलन ओल मिसला, एव्हन स्ट्युअर्ट ओरेगनला, एल. टी. ओव्हरटन अ‍ॅलाबामाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशरना काढलं, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं. आता गंमत बघा. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सोळावा निवडला गेला तो नोलन आणि सतरावा शेमार स्ट्युअर्ट, दोघेही त्याच बॅचचे. स्ट्युअर्ट शेवटपर्यंत ए अँड एममध्येच होता, तीन वर्षांत त्याचे सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, साडेचार. वजन १२१ किलो आणि चाळीस यार्ड ४.५९ मध्ये! यादीने जे भाकीत केलं होतं, पहिली फेरी, ते खरं ठरलं. ए अँड एमच्या चाहत्यांना हवं होतं ते भाकीत यादीने केलंच नव्हतं.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं.)

बरं, मग मुख्य मुद्दे पटापट घेतो.

‘अमुक तीन स्टारवाला मोठा झाला’ हा पुरावा नाही. एनएफएलमध्ये नाव काढलेल्यांपैकी जे. जे. वॉट दोन स्टारचा होता, जॉश अ‍ॅलनला शाळेतून एकाही मोठ्या विद्यापीठाने बोलावलं नव्हतं, दोन्ही खरं. पण पाच स्टारची मुलं ३० च्या आसपास आणि तीन स्टारची हजाराच्या वर. समजा पाच-स्टारांतले निम्मे पुढे गेले तर १६, आणि तीन-स्टारांतले शंभरात पाच गेले तरी पन्नासच्या वर. संख्या तीन-स्टारांची जास्त, शक्यता पाच-स्टारांची दसपट.

संघाच्या पातळीवर भरतीचे विश्लेषक बड एलियट यांचं ‘ब्लू चिप’ प्रमाण वापरा : चार वर्षांच्या भरतीत चार आणि पाच स्टारवाले निम्म्याहून जास्त आहेत का? वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेता या गटातूनच आला. टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) गटाबाहेरून २०२२ च्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि जॉर्जियाकडून ७–६५ हरलं. २०२५ च्या हंगामात इंडियानाने हा नियम मोडला. १६–०, अंतिम सामन्यात मायामीवर २७–२१. त्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळपासही नव्हतं, पण संघात पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आलेली, कॉलेजात भरपूर खेळलेली मुलं होती, आणि क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून तयार होऊन आलेला.

म्हणून पद्धत अशी. ऑगस्टात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा चालू संघ काढा. चार वर्षांच्या भरतीतली गेलेली नावं खोडा. पोर्टलमधून आलेल्याला शाळेतले स्टार देऊ नका, ट्रान्सफरचं वेगळं गुणांकन असतं ते घ्या. मग फक्त पहिली आणि दुसरी फळी मोजा, २२ आणि २२, एकूण ४४. बाकीचे चाळीस-साठ जण त्या हंगामापुरते सोडून द्या. पहिल्या वर्षाच्या मुलाला पाव वजन. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) किंवा कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा) असेल तर अर्धं, ऑफेन्सिव्ह लाइनचा असेल तर शून्य. ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांनी आजवर किती मॅच सुरुवातीपासून खेळल्या त्याची बेरीज वेगळी लिहा. क्वार्टरबॅकचे स्टार बघूच नका, त्याच्याही मॅचच मोजा. आलेला आकडा एकटा वाचू नका, त्या आठवड्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या आकड्याशेजारी ठेवा. एसईसीमध्ये, म्हणजे ए अँड एम आणि अ‍ॅलाबामा खेळतात त्या गटात, समोरचाही बहुतेक वेळा तितकाच श्रीमंत असतो.

क्रमांकांबद्दल एकच : पहिल्या आणि पाचव्या क्रमांकात गुणांचं मोठं अंतर असू शकतं, पंचविसाव्या आणि चाळिसाव्यात फार थोडं. क्रमांक सोडा, गुण वाचा.

आणि हिशेब जानेवारीत, पोर्टलची मुदत संपल्यावर, पुन्हा करा. डिसेंबरची यादी तोवर जुनी झालेली असते.