बाळंतिणीच्या खोलीत

श्रोते मैत्रिणींनो आणि घरातल्या सगळ्या मंडळींनो, नमस्कार.

थंडीत निफाडचा पारा उतरला की आपल्या नाशिककडे बाळंतिणीची खोली वासावरून ओळखू येते. ओवा-शेपांची धुरी, डब्यात डिंकाचे लाडू. सव्वा महिना पाळणारी आपली जुनी माणसं शहाणीच होती. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. सिझेरियनचे टाके वरून लवकर कोरडे दिसतात, पण आतले थर भरायला कित्येक आठवडे जातात. म्हणून तिला भरलेली बादली उचलू देऊ नका.

दोन गोष्टी मात्र सोडाच. दारंखिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवू नका. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो माय-लेकरांचा जीव घेऊ शकतो. आणि पोट सुटेल म्हणून तिचं पाणी तोडू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागणारच, आणि पाणी कमी पडलं की शौचाला कुंथावं लागून टाके ताणतात.

मी आरोग्यसेविका. पंचवटीतल्या एका घरी तिसऱ्या आठवड्यात गेले होते. बाळाचं वजन छान वाढलेलं, घरात आनंद. ती पोर मात्र एकच दुपटं घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. मी विचारलं, "तू कशी आहेस गं?" तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, बाळ रडलं तरी उठावंसंच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

नाही गं. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं झपकन उतरतात, त्यात जागरण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी, भीती, बाळ झोपलं तरी झोप नाही, असं राहिलं तर तो आजार आहे. त्याला नखरे म्हणू नका, बाहेरचं झालंय असंही म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार विकसनशील देशांत सुमारे 20 टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही लागतो. जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला काही करून बसेन असं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तासाभरात पॅड भिजला, ताप आला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, पोटरी सुजून दुखू लागली, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्या आल्या की बाळासोबत आईचंही सांगा.

त्या दिवशी सासूबाई अळिवाच्या खिरीची वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. वाटी खाली ठेवून त्यांनी बाळ उचललं. म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी मलाही असंच झालं होतं. मी कुणाला बोललेच नाही." दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. त्या रात्रीपासून दहा ते दोन बाळ त्याच्या बापाकडे असायचं, आणि ती झोपायची.