घरातल्या हवेतला रेडॉन

डिसेंबर १९८४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं लिमेरिक अणुवीज केंद्र. तिथे काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रातून गेले की भोंगा वाजायचा. घरून कामावर येतानासुद्धा! केंद्रातून वीजनिर्मिती तर अजून सुरूही झाली नव्हती. मग हा किरणोत्सर्ग आला कुठून? माग निघाला तो थेट त्यांच्या राहत्या घराचा. घरातल्या हवेत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू होता, घनमीटरला साधारण १,००,००० बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल). जागतिक आरोग्य संघटना सांगते, शक्यतो १०० च्या वर जाऊ देऊ नका.

रेडॉनला रंग नाही, वास नाही. खडकामातीतल्या युरेनियमचं विघटन होत होत रेडियम बनतं आणि रेडियममधून हा वायू सुटतो. उघड्यावर तो विरून जातो. पण फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरला आणि दारं-खिडक्या बंद असली, की साठत राहतो.

खरा घात करतं ते त्याच्यापासून बनणारं पोलोनियम. हवेतल्या धुळीला चिकटून ते श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसतं आणि तिथे अल्फा कण, म्हणजे अणू फुटताना वेगाने सुटणारे जड कण, सोडतं. हे कण त्वचेला भेदू शकत नाहीत. फुफ्फुसाच्या नाजूक अस्तरातल्या पेशींचा डीएनए मात्र तोडतात. रेडॉनची दीर्घकाळची सरासरी घनमीटरला १०० बेकरेलने वाढली, की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांना हा वायू सगळ्यात जास्त भोवतो.

आता घरातला रेडॉन मोजणारी ही डबी पाहा. आत नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा आहे, चष्म्याच्या काचा बनतात त्याच जातीचा. झोपायच्या खोलीत ती निदान तीन महिने, जमलं तर वर्षभर ठेवायची. अल्फा कण आदळला की प्लास्टिकवर डोळ्यांना न दिसणारी जखम होते. प्रयोगशाळेत तुकडा कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवला, की त्या जखमांचे खळगे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजता येतात. त्या खोलीत झोपलेल्या मुलाने रात्रभर हीच हवा घेतलेली असते.

दोन-चार दिवसांच्या चाचण्याही मिळतात. पण रेडॉन ऋतूप्रमाणे, अगदी तासातासाला बदलतो. तेवढ्यावर विसंबू नये. शेजारच्या घरातला आकडाही आपल्या कामाचा नाही.

आकडा जास्त आला, तर जमिनीखालची हवा पाइप आणि पंख्याने ओढून छतावर सोडतात. पंखा सुरू झाला, की डबी पुन्हा त्याच खोलीत ठेवायची.