कुंडी मुलांची, आपले हात मागे

(एका ग्रंथालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत पालकांसमोर झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी नवरात्रात घट बसतात? जरा हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. म्हणजे ‘आम्हाला बागकामातलं काही कळत नाही’ असं म्हणायची सोय इथल्या निम्म्या लोकांना राहिलेली नाही. पत्रावळीवर काळी माती पसरायची, वर धान्य पेरायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि दसऱ्याला ते वीतभर वाढलेलं टोपीत खोवायचं. घरात मुलांबरोबर करायचं बागकाम याहून वेगळं काय असतं? फरक एवढाच की त्या पत्रावळीला मुलांनी हात लावलेला आपल्याला चालत नाही. आज मी बोलणार आहे ते त्या ‘चालत नाही’बद्दलच.

यंदा घटाच्या दिवशी तेच धान्य दुसऱ्या एका ताटलीत पेरा आणि ती ताटली मुलाच्या ताब्यात देऊन बाल्कनीत ठेवा. माती तीच, पाणी तेवढंच. नऊ दिवसांनी देवघरातलं उंच, पिवळट, लवलवणारं असेल आणि बाल्कनीतलं बुटकं, हिरवं, ताठ. मूल म्हणेल, देवघरातलं जिंकलं. लगेच दुरुस्त करू नका. दोन्ही ताटल्या पुढचे आठ दिवस तशाच राहू द्या. उंच वाढलेलं आडवं पडायला लागेल. दाण्यातली शिदोरी खर्चून ते उजेड शोधत धावत होतं. शिदोरी संपली, उजेड काही मिळाला नाही. हे आपण सांगितलं तर ते धडा होतं. मुलाने पाहिलं तर ते त्याचं होतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत आले. निवृत्तीनंतर सोसायट्यांमध्ये मुलांबरोबर कुंड्या भरते. तिथे मला सगळ्यात जास्त दिसतं ते पालकांचं घाईघाईने पुढे येणारं बोट. ‘असं नाही, इतकं खोल नाही, सरळ रेषेत टाक.’ मुलाने बी उलटं टाकलं तर काय होईल? काही होत नाही. मूळ वळून खाली जातं, कोंब वळून वर येतो. ‘उलटं’ ही चूक बियाला मान्यच नाही, मग तुम्हाला कशाला हवी?

सुरुवात नर्सरीतून करू नका. सुरुवात स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून करा. मुलाला म्हणा, डब्यांमधलं जे जे उगवेल असं तुला वाटतं त्याचे चार-चार दाणे घे आणि पेर. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असला तर उत्तम. मुलं साबुदाणा पेरतात. अगदी हमखास पेरतात, कारण तो बियासारखा दिसतो. तांदूळ पेरतात, मुगाची डाळ पेरतात, खारे दाणे पेरतात. पेरू द्या. मोहरी आणि अळीव दोन-तीन दिवसांत वर येतात, अळीव तर भिजल्यावर बुळबुळीत होतो म्हणून मुलांचा फार लाडका. अख्खा मूग येतो, डाळ येत नाही. कच्चा शेंगदाणा येतो, भाजलेला कुजतो. मग प्रश्न सुरू होतात. तांदूळ का नाही आला? गिरणीत कांडताना त्याचा अंकूर निघून गेला. शेतात पेरतात तो टरफलासकट भात. साबुदाणा? तो मुळी दाणाच नाही, टॅपिओकाच्या कंदातल्या पिठाच्या गोळ्या त्या. इतक्या वर्षांच्या उपासांत हे मोठ्यांच्या लक्षात आलेलं नसतं, हा अनुभव आहे.

याच खेळातला एक भाग मला फार आवडतो. चवळी आणि हरभरा शेजारी शेजारी पेरा. चवळी आपली डाळ डोक्यावर घेऊन मातीबाहेर येते. दोन्ही दळं वर हवेत दिसतात, हळूहळू सुकून गळतात. हरभरा डाळ खालीच ठेवतो, वर येतो तो नुसता कोंब. आता मुलाला सांगा, मूग कोणासारखा आणि तूर कोणासारखी ते शोध. मूग चवळीच्या पंगतीला, तूर हरभऱ्याच्या. पुस्तकात याला नावं आहेत, ती आठवी-नववीत येतील तेव्हा येतील. सहा वर्षांच्या पोराला नावाशिवाय सगळं समजतं.

जागेचं काय, हा पुढचा प्रश्न. जागा सगळ्यांकडे असते, ऊन नसतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे. त्यांनी शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि द्राक्षाच्या बागायतदारांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब करायला शिकवलं. मला त्यांची ही दृष्टी घरातल्या मुलांसाठी फार उपयोगी वाटते: आधी ऊन मोजा, मग बी निवडा. मुलाच्या हातात खडू द्या. सुट्टीच्या दिवशी तासातासाने बाल्कनीच्या फरशीवर उन्हाची कड आखायला सांगा, शेजारी वेळ लिहायला सांगा. संध्याकाळी तुमच्या घराचा नकाशा तयार. चार-पाच तास थेट ऊन असेल तिथे फळभाज्या, त्याहून कमी असेल तिथे पालेभाज्या आणि पुदिना, अजिबात नसेल तिथे कुंडी ठेवून मुलाची निराशा करू नका.

आणि हा नकाशा वर्षभर टिकत नाही, हीच त्यातली गंमत. मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो तो यामुळेच. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेच्या बाल्कनीतून ऊन थेट दिवाणखान्यात येतं. जूनच्या रेघा पुसू नका, डिसेंबरात दुसऱ्या रंगाच्या खडूने नव्या आखा. सोसायटीतल्या कामवाल्या मावशींना मात्र आधी सांगून ठेवा!

मातीबद्दल थोडक्यात. नर्सरीतली नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी बसते. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सारखंच घ्या, कुंडीला खाली भोक आहे ना ते बघा, झालं. कालवायचं काम मुलांचं. घरभर होईल, वर्तमानपत्र पसरा. प्लॅस्टिकची रंगीत खेळण्यातली अवजारं आणू नका, ती पहिल्या ढेकळाला मोडतात. स्वयंपाकघरातला जुना डाव पुरतो. बाटलीच्या झाकणाला तुम्ही भोकं पाडून दिलीत की झारी तयार.

पाणी घालणं हे मुलांचं सगळ्यात आवडतं काम, आणि कुंडीतली बहुतेक रोपं त्यानेच मरतात. ‘जास्त घालू नको’ म्हणून उपयोग नाही, जास्त म्हणजे किती? बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल, ओलं लागलं तर आज सुट्टी, असं सांगा. मुलं हा नियम पाळतात, कारण त्यात बोट मातीत घालायला मिळतं. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा ओतून ताटली घासायचीच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. डासाच्या अळ्या दिसल्या तर ओतायच्या आधी मुलाला दाखवा. एरवी तो धडा फुकट जातो.

दोन गोष्टींत मी अजिबात सवलत देत नाही. कठड्यावर कुंडी नाही आणि कठड्याला टेकून मूल चढेल अशीही कुंडी नाही. दुसरं म्हणजे विषारी झाडं. पिवळी कण्हेर देवाच्या फुलांसाठी लावतात, तिची बी जीवघेणी असते. घरात शोभेला ठेवलेला डिफेनबाखिया चावला तर तोंड-जीभ सुजते. लहान मूल असलेल्या घरात ही दोन्ही नकोत. काम झालं की साबणाने हात धुवायचे, हे तुम्हाला सांगायला नको.

आता किडीकडे येते. या विषयावर मला भांडायला आवडतं. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याने शिटावं तसं काही दिसलं की आपण चिमटीने काढून टाकतो, किंवा नर्सरीवाल्याकडून औषध आणतो. ती विष्ठा नसते, लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी असते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने ते सोंग घेतलेलं असतं. मोठी झाली की हिरवीगार होते आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते. मुलं किंचाळतात आणि पुन्हा डिवचतात. मग एके दिवशी ती कमरेला रेशमाचा धागा बांधून फांदीला टेकते, कोष होतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांत एका सकाळी ओल्या पंखांचं फुलपाखरू लटकलेलं दिसतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, 2015 मध्ये महाराष्ट्राने ते घोषित केलं, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आता ठरवा, कढीपत्त्याची चार पानं जास्त मोलाची की हे? फोडणीला जुडी दहा रुपयांत मिळते.

माव्याचंही तसंच. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला की त्यामागे मुंग्या येतात, कारण मावा गोड रस सोडतो. मग ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, येतात आणि मावा खातात. ढालकिड्याची अळी मगरीसारखी दिसते, लोक तिलाच कीड समजून मारतात. भिंग आणा, चार दिवस थांबा. अगदीच जास्त झालं तर पाण्याचा फवारा. मुलांच्या कुंडीवर विषारी औषध कधीही नाही. ज्या हातांनी ती माती चिवडतात तेच हात तोंडात जातात.

काय लावायचं म्हणाल, तर या दिवसांत दोनच नावं सुचवीन. पहिलं तेरडा. मृगाच्या पावसाबरोबर पेरलेला तेरडा गौरी-गणपतीच्या सुमारास फुलतो. कोकणात तर कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर येते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण मुलांचं तेरड्यातलं काम रंग गेल्यावरच सुरू होतं. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते टचकन फुटतं, सालीच्या पट्ट्या वळून बिया लांब उडतात. पुढच्या वर्षी तेरडा तुमच्या कुंडीत नाही, शेजारच्यांच्या कुंडीत उगवलेला असतो.

दुसरा भुईमूग. पसरट कुंडी किंवा टब घ्या, टपोरे कच्चे दाणे टोचा. महिन्याभरात खाली पिवळी फुलं येतात. फूल सुकलं की त्याच्या बुडातून एक टोकदार देठ निघतो आणि मातीकडे वाकतो. शेतकरी म्हणतात, आऱ्या सुटल्या. आरी मातीत घुसते आणि तिथे, अंधारात, शेंग धरते. शेंगा मुळांना लागतात असंच बहुतेकांना वाटत असतं. माझ्या नातवाने एका आरीखाली कागद सरकवून ठेवला, मातीत जाऊ दिली नाही. तिला शेंग धरली नाही. हा प्रयोग मी सांगितलेला नव्हता, मला सुचलाही नसता. पाऊस संपता संपता शेंगा काढायच्या, हळद-मीठ घालून उकडायच्या.

लोक विचारतात, यामुळे मोबाईल सुटतो का? नाही सुटत. उलट कुंडीचे फोटो काढायला मुलं मोबाईल मागतात. भाज्या खायला लागतात का? स्वतः खुडलेल्या मेथीची चार पानं चावून बघतात, दुधीबद्दल मी शब्द देणार नाही. असल्या फायद्यांच्या यादीसाठी बाग करू नका. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 च्या सुमारास जर्मनीत बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, मांडलं, तेव्हा तिथे प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता आणि शेजारी सगळ्यांचा सामायिक वाफा. आपल्या बालवाड्यांनी गाणी घेतली, ठोकळे घेतले, वाफे मात्र मागेच राहिले. घरात निदान तेवढं करू या. एक कुंडी मुलाची, त्याचं नाव घातलेली. तिच्यात मोठ्यांनी मुलाला विचारल्याशिवाय बोट घालायचं नाही.

आणि त्या कुंडीतलं रोप मेलं तर? रात्रीत नवं आणून लावणारे आई-बाबा मी पाहिले आहेत, प्रेमानेच करतात. पण मूल मूर्ख नसतं. काल सुकलेलं रोप आज टवटवीत झालं तर मुलाच्या पाण्याला, विसरण्याला, काळजीला काही अर्थच उरत नाही. मेलेलं रोप मुलाला उपटू द्या, मुळं बघू द्या. काळी, मऊ असली तर पाणी जास्त झालं. वाळकी, ठिसूळ असली तर कमी पडलं. रडलं तर रडू द्या. पुन्हा पेरायचं की नाही तेही त्यालाच ठरवू द्या. काही मुलं म्हणतात, आता नको. ठीक आहे, कुंडी कोपऱ्यात राहू द्या. पावसात तिच्यात आपोआप काहीतरी उगवतं, बऱ्याचदा आघाडा किंवा दूर्वा. गणपतीच्या दिवसांत त्यासाठीच आपण बाजारात पैसे मोजतो.

बाहेर टेबलावर तेरड्याच्या आणि भुईमुगाच्या पुड्या ठेवल्या आहेत. एका मुलाला एकच पुडी, आणि ती मुलानेच मागायची, पालकांनी नाही. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतली ती दोन वेण्यांची मुलगी मघापासून हात वर करून बसली आहे, आधी तिचा.